छटाकचं वजन

मला लोक क्विंटलताई म्हणतात. क्विंटलला माझ्यात सहा किलो कमी पडतात, पण लोकांना पूर्ण आकडा बोलायला बरा वाटतो. तोंडावर ‘सिस्टर’, आणि पाठ फिरली की ‘क्विंटलताई आल्या का?’ एकदा मी आमच्या डॉक्टरीणबाईंनाच बोलताना पकडलं, तेव्हा त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. मी मनावर घेत नाही. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करण्यात गेली. कुणी माझं केलं तर रागवायला मला तोंड कुठे आहे?

माझ्याकडे येतात ती दिवस भरायच्या आत जन्मलेली मुलं. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून सुटून ती घरी गेली की मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्या घरी जाते. वजन, लांबी, डोक्याचा घेर. मग तक्त्यावर टिंब. तक्त्यावर छापील रेषा असतात, आणि या मुलांची सगळी धडपड म्हणजे मागे पडलेल्या टिंबाने ती रेषा गाठायची. रोज वीस-तीस ग्रॅम वाढलं की आई खूश, मी खूश. त्यासाठी एकच स्वस्त आणि मस्त उपाय आहे, कांगारू. बाळाला उघडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून पांघरूण. कातडीला कातडी लागली की बाळ ऊब धरतं, श्वास विसरत नाही, खाल्लेलं अंगाला लागतं.

मी स्वतः मात्र कुठल्याच बाळाला असं धरत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक धरलं होतं, अडीच महिने, रोज. ते गेलं. त्यानंतर मी बाळ आणि मी यांच्यामध्ये कायम टॉवेल ठेवला.

छटाकचे आईबाप एका शिंपीकामाच्या दुकानाच्या वर राहत. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये एकोणीस पायऱ्यांचा अरुंद जिना. माझ्या गुडघ्यांना त्या एकोणीसही पाठ आहेत. बाप शिंपी, त्याच्या गळ्यात मापाची टेप असायची आणि सदऱ्यावर दोऱ्याचे तुकडे. आई काडीपैलवान. पोर तिसाव्या आठवड्यात जन्मली, अकराशे ग्रॅमची. बापाने दवाखान्यात तिला पाहिलं आणि म्हणाला, “ही तर छटाकभर!” तेच नाव पडलं. एक किलो आठशेला तिला घरी सोडलं.

पहिल्याच मंगळवारी माझा झोळीचा काटा बिघडला. बाळाला झोळीत घालून टांगायचं आणि आकडा वाचायचा, असा तो काटा. त्याची स्प्रिंग गेली. कार्यालयाला कळवलं तर उत्तर आलं, नवीन मागवलाय, तोवर मोठ्या माणसांच्या काट्यावर भागवा. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! पण भागवायची रीत आमच्याकडे आहे. मोठा काटा बरोबर न्यायचा, आईला बाळासकट त्यावर उभं करायचं, आकडा घ्यायचा. मग बाळ खाली ठेवून आईचा एकटीचा आकडा घ्यायचा. वजाबाकी केली की बाळ.

पहिल्या दिवशी दोघींचं मिळून चाळीस किलो दोनशे आलं. आई एकटी अडतीस चारशे. छटाक एक आठशे. दवाखान्याच्या आकड्याशी तंतोतंत. मी समासात पेन्सिलीने वजाबाकी केली, रकान्यात बाळाचा आकडा शाईने लिहिला. आमच्या नोंदवहीत आईला रकाना नाही.

छटाक वाढायला लागली, आणि कशी! इतर पोरं आज वीस ग्रॅम, उद्या दहा, परवा सर्दी झाली की उणे, अशी रडतखडत चालतात. ही मात्र पट्टीने आखल्यासारखी. आई तिला दिवसभर छातीवर धरून बसायची, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत. खालून शिलाई यंत्राची घरघर यायची आणि पांघरुणातून एक बारीकसं टक्कल दिसायचं.

“दूध किती घेते?” मी विचारलं.

“अर्धं टाकते, सिस्टर,” आई म्हणाली. “अंगावरचं काढून चमच्याने देते, बाटलीने देते. तोंड फिरवते.”

तिने लिहून ठेवलेले आकडे मी पाहिले. एवढ्याशा दुधावर एवढी वाढ होत नाही. पण आई मोजायला चुकत असेल म्हणून मी सोडून दिलं. तीस वर्षांत मी एक शिकलेय, वाढणाऱ्या बाळाला प्रश्न विचारायचे नाहीत.

अडीच किलो झालं की कांगारू बंद करायचं, असा आमचा नियम. चौथ्या आठवड्यात अडीच भरले तसं मी सांगितलं, “बास आता. पाळण्यात ठेव. तुझीही पाठ मोडली असेल.” आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मग तिने पोरीला उचलून पाळण्यात ठेवलं.

तीन दिवसांनी गेले तर पोर दोनशे ग्रॅमनी उतरलेली. हातपाय गार. माझ्यासमोर तिने श्वास रोखला, एक, दोन, तीन, अकरापर्यंत मी मोजले आणि तळपायाला टिचकी मारली तेव्हा कुठे घेतला. मी घाबरले. घाबरलेली नर्स हुकूम सोडते, मीही सोडला.

“धर परत छातीशी. आणि आधी धरायचीस त्याच्यावर आणखी दोन तास वाढव.”

“आणखी दोन तास?” दारात उभा राहून बाप म्हणाला. त्याच्या हातात बायकोचा सैल झालेला गाऊन होता आणि तो शिवण आत घेत होता, दोन्ही कडांना टाचण्या लावलेल्या. “सिस्टर, जरा कमी करता नाही येणार?”

“पोर हवीय ना?” मी म्हणाले.

आईने गाऊनची बटणं सोडली आणि पोरीला आत घेतलं. पुढच्या मंगळवारी गेलेले दोनशे परत आले होते, वर आणखी शंभर.

ते माझं बोलणं मला आजही चावतं.

दहाव्या आठवड्यात छटाक तीन किलो नऊशे झाली. डॉक्टरीणबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी तिचा तक्ता मोठा करून दवाखान्याच्या भिंतीवर लावला, म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात मागचं भरून काढणं!” त्यांनी मला त्याची स्वच्छ नक्कल काढायला सांगितली, म्हणून मी नोंदवही घेऊन दुपारी टेबलाशी बसले. शाईचे आकडे उतरवताना नजर समासात गेली. पेन्सिलीच्या वजाबाक्या. वरचा आकडा, खालचा आकडा, उत्तर.

वरचा आकडा चाळीस दोनशे. त्याखालच्या भेटीत चाळीस दोनशे. पुढे चाळीस दोनशे. वीस भेटी, वीसही वेळा दोघींचं मिळून चाळीस किलो दोनशे.

आधी मला वाटलं, काटा अडकलाय. मी माझी पिशवी ठेवून पाहिली, सहा किलो. त्यात पाण्याची बाटली घातली, सात. मी स्वतः चढले, चौऱ्याण्णव. तो बरोबर होता. मग मी खालचे आकडे वाचले, ज्यांना आमच्याकडे रकाना नाही ते. अडतीस चारशे. अडतीस. सदतीस सहाशे. सदतीस. छत्तीस तीनशे. मध्येच एकदा ते दोनशेने वर गेले होते, पाळण्यातले ते तीन दिवस. बाकी उतरतेच. पोर जेवढी चढली तेवढी आई उतरली. बेरीज हलली नव्हती. चहा प्यालेली आई, जेवलेली आई, उपाशी आई, काही असो, शंभर ग्रॅमचाही फरक नाही. हाडामांसाची दोन माणसं अशी नसतात.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी समास पाहिला, मला पाहिलं, म्हणाल्या, “बाळंतीण बाई आहे, अंगावर पाजते, उतरणारच. आकडे जुळलेत तो योगायोग. काटा बदलून घ्या.” तरी बिचाऱ्यांनी आईच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, साखर, छातीचा फोटो. सगळं चोख.

शुक्रवारी मी जिना चढले ती सरळ मुद्द्यावर येण्यासाठी. पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. माझ्या हातातली नोंदवही बघून शिंप्याने टेबलाच्या खणातून आपली वही काढली. त्यात गिऱ्हाइकांची मापं असतात. एका पानावर बायकोची होती. छाती, कंबर, दंड, दर रविवारी घेतलेली.

“शिंप्याला काटा लागत नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “तीन गाऊन मी चार-चार वेळा आत घेतलेत. आता कापडच उरलं नाही आत घ्यायला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय? तुम्ही विचारलं होतंत, पोर हवीय ना म्हणून.”

मी खुर्ची ओढून बसले.

आई खिडकीशीच होती. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती आणि त्या दोन हाडांच्या मधल्या खळग्यात छटाकचं डोकं बरोबर बसलं होतं. पोर गुटगुटीत. मनगटाला वळ्या पडलेल्या.

“घेते तेव्हा कळतं मला,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, वाण्याकडची यादी सांगावी तसा. “आधी गुदगुल्या होतात, जिथे तिचा गाल लागतो तिथे. मग ती जागा हलकी वाटते. दुखत नाही हो. झोप येते.”

“आणि तू गप्प बसतेस?”

“दिवस भरायच्या आत बाहेर आली ती, सिस्टर. दहा आठवड्यांचं घ्यायचं राहिलंय तिचं. पोटात असती तर माझंच घेतलं असतं ना? कुणी तक्रार केली असती का?”

मी बापाकडे बघितलं. त्याने सदरा वर केला. छातीपोटावर जुना इसब, लाल, खवल्यांचा, वर मलम. दवाखान्याने त्याला पहिल्याच दिवशी पोर छातीशी धरायला मनाई केली होती. “एकदा धरली मी,” तो म्हणाला. “मलम पुसून, आंघोळ करून. दहा मिनिटांत पोरीच्या सगळ्या अंगावर पुरळ उठलं. आणि घेतलं काहीच नाही.”

मी हिशेब केला. दोन वर्षांची होईतो या पोरीला बारा किलोच्या आसपास जायचंय. म्हणजे आणखी आठ. आई छत्तीस. छत्तीसातून आठ गेले की काय उरतं ते सांगायला नर्स लागत नाही. आणि पाळण्यात ठेवली तर पोर उरत नाही. दोघींपैकी एक, इतकं सोपं होतं ते. आडातलं पाणी संपत चाललं होतं आणि पोहरा अजून भरायचा होता.

आणि मी तिथे बसले होते, चौऱ्याण्णव किलो.

हसू नका, मला खरंच हसू आलं. आयुष्यभर ज्याच्यावरून टोमणे खाल्ले, बसमध्ये दोन जागा, रांगेत ‘जरा सरका’, ते सगळं एका पोरीच्या कामी येईल असं कुणाला वाटलं असतं? मी म्हणाले, “आण इकडे तिला.” टॉवेल बाजूला ठेवला. तीस वर्षांनी बाजूला ठेवला. पडदा ओढून, गणवेशाची बटणं सोडून छटाकला छातीवर घेतलं आणि घड्याळ बघत दोन तास बसले.

काटा म्हणाला, चौऱ्याण्णव. पोर होती तेवढीच.

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले, काम आटोपून, दुपारी चार ते सहा. दोन आठवडे. पालथ्या घड्यावर पाणी. पोर माझ्या छातीवर पालथी पडायची, गाल टेकवायची, आणि जराशाने मान उचलून आईकडे बघायची. मी चौऱ्याण्णव ती चौऱ्याण्णवच. खरं सांगते, मला अपमान वाटला. एवढं ताट वाढून ठेवलंय आणि ही नाक मुरडते!

“तुम्ही तिला धरता तेव्हा घड्याळ बघता,” आई एकदा म्हणाली.

“वेळ मोजायला नको?”

“नको म्हणत नाही मी. पण तुमचे हात तिच्या अंगाला लागत नाहीत, सिस्टर. तुम्ही काचेचं भांडं धरल्यासारखी धरता. खाली ठेवायचंच आहे असं मनात ठेवून.”

मी तिच्यावर खेकसले, की तीस वर्षांत मला बाळ कसं धरायचं ते शिकवणारी तूच भेटलीस. पण घरी गेल्यावर आरशासमोर उशी धरून पाहिली. कोपरं बाहेर. ती म्हणत होती ते खरं होतं.

चौदाव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, आई जिन्यात पडली. पाचव्या पायरीवरून खाली. हाड मोडलं नाही, पण ती उठेना. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. तिथल्या काट्यावर ती पस्तीस किलो भरली. छटाक पाच दोनशे. मी मनात बेरीज केली, करायची नव्हती तरी. चाळीस दोनशे.

तीन दिवस ठेवू म्हणाले. मी रजा टाकली, काटा, दोन गणवेश आणि गुडघ्याचं मलम पिशवीत घातलं आणि त्या दोन खोल्यांत राहायला गेले. बाप दवाखाना आणि दुकान यांच्यात धावत होता. पोर माझ्याकडे. दिवसभर मी तिला छातीवर ठेवली, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत, आणि घड्याळाला रुमाल बांधून टाकला. काही उपयोग नाही. दूध तिने एक चमचा घेतलं, दोन थुंकले. मंगळवारी ती पाच शंभर भरली. बुधवारी सकाळी पाच.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिचा श्वास थांबला.

मी तळपायाला टिचकी मारली. अकरा, बारा. पाठ चोळली. पंधरा. ओठ निळसर व्हायला लागले. खाली यंत्र घरघरत होतं, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि माझ्या छातीवर पाच किलोचं एक गार ओझं पडलं होतं. ते ओझं मला ओळखीचं होतं. तीस वर्षांपूर्वी तेवढंच गार होतं, फक्त हलकं.

आणि मला इतका राग आला म्हणून सांगू! भीती नव्हे, राग. त्या पोरीचा, त्या जुन्या पोराचा, देवाचा, कार्यालयाचा, सगळ्यांचा. मी तिला दोन्ही हातांनी आवळलं आणि भांडायलाच लागले.

“अगं भवाने, घे ना! एवढं मांस वाहून माझे गुडघे गेले, घे की त्यातलं! आईचं हाडं वर येईपर्यंत ओरपलंस आणि माझं पुढ्यात वाढलेलं चालत नाही होय तुला? मी परकी काय? बरं, नाही सोडत मी तुला. खाली ठेवतच नाही. मेलीस तरी ठेवणार नाही, बघतेच तू काय करतेस! घे, माझे बाई, घे.”

माझे बाई, असं मी कुणाला म्हणाले नव्हते. माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिच्या टक्कलावर पडत होतं.

छटाकने श्वास घेतला. खोल, मोठ्या माणसासारखा. गाल सरकवला, जागा शोधल्यासारखा, आणि माझ्या डाव्या बाजूला, काखेच्या वर, टेकवला.

तिथे मला गुदगुल्या झाल्या.

मी हलले नाही. त्या जागेवरून काहीतरी निघून चाललं होतं. दुखत नव्हतं. झोप येत होती, लहानपणी तापात यायची तशी गोड, आणि त्या झोपेत मला एवढंच कळत होतं की पोर गरम होतेय. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा तिचे ओठ गुलाबी होते आणि तिने माझी कातडी मुठीत घट्ट पकडली होती.

काट्यापर्यंत गेले. तिला घेऊन चढले. नव्व्याण्णव. सकाळीही आम्ही दोघी नव्व्याण्णवच होतो, चौऱ्याण्णव आणि पाच. तिला गादीवर ठेवून एकटी चढले.

त्र्याण्णव आठशे.

दोनशे ग्रॅम. मी जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. खालून शिंपी धावत वर आला, त्याला वाटलं पोर गेली. मी नुसतं काट्याकडे बोट दाखवलं. त्याला आकडा कळला नाही, पण माझं तोंड कळलं असावं. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला, माझ्या शेजारी. आम्ही दोघं तसेच बसलो, आणि गादीवर छटाक हातपाय हलवत होती, जेवण झालेल्या माणसासारखी समाधानात.

गुरुवारी आई घरी आली. एकोणीस पायऱ्या नवऱ्याच्या आधाराने, दर चौथीला थांबत. दारातूनच तिने पोरीला पाहिलं, मग मला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, तिने विचारलं, “घेतलं?”

“घेतलं. कालपासून चारशे.”

तिने डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, सुटली बिचारी. ती सुटलीच होती. पण तरी म्हणाली, “एकदा द्या माझ्याकडे. तासभरच.”

“अगं, आताच सलाईन काढलंय तुझं,” बाप म्हणाला.

“अहो, तासभरच.”

काट्यावर ती पस्तीस दोनशे भरली. मग खुर्चीत बसली, गाऊन मोकळा केला, पोरीला छातीवर घेतलं. छटाकने गाल टेकवला. आईने डोळे मिटले आणि वाट पाहू लागली. मीही बघत होते, शिंपीही. यंत्र बंद होतं. खोलीत नुसता बाळाचा श्वास ऐकू येत होता, नीट, एकसारखा. तासाने ती उठली, पोर मला देऊन काट्यावर चढली.

पस्तीस दोनशे.

ती तिथेच उभी राहिली, अनवाणी, काट्यावर, खाली आकड्याकडे बघत. एक ग्रॅमही गेला नव्हता. आता ती जेवेल ते तिच्याच अंगाला लागणार होतं. तिचे दंड भरणार होते, नवऱ्याला गाऊन पुन्हा उसवून मोठे करावे लागणार होते. तिच्या जिवावरचं टळलं होतं.

“माझं नाही घेत ती आता,” ती म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं. “सिस्टर, मी काय केलं? माझं का नको तिला?”

शिंप्याने तिला धरून गादीवर बसवलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला आनंद झाला होता. आतून, दाबून ठेवावा लागेल इतका. पोर माझ्या कडेवर होती आणि तिची मूठ माझ्या गळपट्टीत होती. तिला आणखी सात किलो हवेत, मी मनात म्हणत होते, आणि माझ्याकडे आहेत. मुलं दोन वर्षांवर वाढायची थांबत नाहीत, हेही मला माहीत होतं. तीस वर्षं तक्ते भरलेत मी. पुढच्या रेषा कुठे जातात ते मला दिसतं.

छटाक कुरकुरायला लागली. मान वळवून माझ्या बटणांकडे तोंड नेऊ लागली. चार वाजले होते, तिची वेळ झाली होती.

आईने डोळे पुसले. उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली, आणि जेवणाचं ताट भरून घेऊन आली. कणभर सांडू दिलं नाही. माझ्यासमोर ठेवलं.

“आधी पोटभर जेवून घ्या, सिस्टर,” ती म्हणाली. “उपाशी माणसाला ती फार वेळ धरून ठेवते.”

मी जेवले. मग बटणं सोडली.